धूर कमी झाला म्हणून खूश होऊ नको

"काका, माझ्याकडं वडिलांची यामाहा आरएक्स १३५ आहे, टू-स्ट्रोक. चार वर्षांपूर्वी ती डर्टची, म्हणजे मातीवर पळवायची, करून घेतली. लांब शॉकअप, नॉबी टायर, एक्स्पान्शन पाइप (फुगीर सायलेन्सर) आणि २४ एमएमचा मिकुनी कार्बोरेटर. ऑइल पंप काढलाय, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो. एप्रिलमध्ये भर दुपारी गावाबाहेरच्या माळावर सेटिंग केलं, मेन जेट १४० बसला, गाडी एकदम झकास. आता डिसेंबरात पहाटे सहाला निघून आम्ही पन्हाळ्याच्या पुढं मित्राच्या शेतातल्या मुरमाच्या ट्रॅकवर जातो. तिथं फुल्ल रेसला गाडी कोरडी वाटायला लागली. मित्र म्हणाला, उंचीवर हवा विरळ असते, पेट्रोल जास्त होतं, जेट छोटा टाक. १३० टाकला. धूर कमी झाला, आवाज कडक आला, म्हटलं काम झालं. त्याच दिवशी उतरताना वाघबिळाच्या अलीकडं इंजिन जाम. मागचं चाक लॉक झालं, पडता पडता वाचलो. मित्र म्हणतो, अजून छोटा जेट हवा होता. खरं काय? आणि फेब्रुवारीत रत्नागिरीच्या बाजूला मातीवरची शर्यत आहे, तिथं कुठला जेट न्यायचा?"

— फुलेवाडीचा एक आरएक्सवाला

लेका, पहिली गोष्ट, तू उभा आहेस हे बरं झालं. दुसरी, तो १३० चा जेट कागदात गुंडाळून वडिलांकडं दे आणि परत मागू नको. बाकीचं आता सावकाश. (नव्या वाचकांसाठी: जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची छोटी तोटी. आकडा मोठा, तेवढं पेट्रोल जास्त.)

तुझा मित्र जे म्हणाला ते चुकीचं नाही, म्हणून तर ते जास्त घातक आहे. उंचीवर हवा विरळ होते, विरळ हवेत प्राणवायू कमी, आणि कार्बोरेटर मात्र पेट्रोल त्या मानानं कमी करत नाही, त्यामुळं मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, म्हणून जेट छोटा करायचा. अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त त्यानं उंची मोजली आणि थंडी मोजायची विसरला. एकाच बाजूची बेरीज करून उत्तर लिहिलं.

आता हिशेब मांडू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. पन्हाळा साधारण ९७५. म्हणजे तू वर चढलास सव्वाचारशे मीटर. एवढ्या चढानं हवेचा दाब कमी होतो साधारण पाच टक्के. गडाकडं खालून बघितलं की वाटतं केवढी उंची, पण कार्बोरेटरच्या लेखी ती एवढीच.

आता थंडी बघ. सेटिंग केलंस तेव्हा एप्रिलची दुपार होती, अडतीस डिग्री धरू. परवा पहाटे वर तेरा-चौदा असेल. हवेच्या घनतेचा हिशेब साध्या डिग्रीवर होत नाही, त्यात २७३ मिळवून करावा लागतो. अडतीसचे झाले ३११ आणि तेराचे २८६. ३११ ला २८६ नं भाग, उत्तर येतं १.०८७. म्हणजे नुसत्या थंडीनं हवा जवळजवळ नऊ टक्के जड झाली. उंचीनं पाच काढले, थंडीनं नऊ घातले. वजा-अधिक करून पन्हाळ्यावरची ती पहाटेची हवा, तू जिथं जेट बसवलास त्या माळावरच्या दुपारच्या हवेपेक्षा तीन-साडेतीन टक्के जडच होती. तुझी गाडी चढून वर गेली, पण कार्बोरेटरला वाटलं आपण खाली उतरलो.

म्हणून ती फुल्ल रेसला कोरडी वाटत होती. तिला पेट्रोल कमी पडत होतं. तू ते अजून कमी केलंस.

किती कमी केलंस तेही बघ. जड हवा वेंचुरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, जाताना ओढही जास्त लावते, त्यामुळं थोडं पेट्रोल आपसूक वाढतं. ढोबळमानानं हवा चार टक्के जड झाली तर दोन टक्के पेट्रोल आपोआप वाढतं आणि उरलेले दोन टक्के जेटनं भरायचे. तुझ्या साडेतीन टक्क्यांतले जेटच्या वाट्याला आले पावणेदोन. १४० चे पावणेदोन टक्के म्हणजे अडीच. १४० च्या जागी १४२ हवा होता म्हण, आणि पुढचा जेट मिळतो तो १४५. टू-स्ट्रोकला अशा वेळी नेहमी मोठ्या बाजूला जायचं. तू गेलास १३० वर. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावरनं असतो, त्यामुळं १४० चा १३० म्हणजे सरळ सात टक्के पेट्रोल बंद. (केहिन या दुसऱ्या कंपनीच्या जेटचा आकडा भोकाच्या व्यासावरनं असतो, म्हणून या दोघांचे नंबर एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत. दुकानात "१३० द्या" म्हणून कुठलाही उचलून आणणारे बरेच भेटलेत मला.)

आपल्याकडं म्हणतात, जाळ अन् धूर संगटच. टू-स्ट्रोकमध्ये तसं नसतं. धूर कमी झाला की जाळ वाढतो. मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की सुरुवातीला गाडी खरंच बरी पळते, आवाज कडक येतो, रेस झटकन चढते, हलकी वाटते. लीन गाडी जाम व्हायच्या आधीची शेवटची पाच मिनिटं सगळ्यात भारी पळते, हे मी उद्यमनगरातल्या निम्म्या पोरांच्या तोंडून ऐकलंय, नंतर, बॅरल हातात घेऊन उभे असताना. टू-स्ट्रोकला पेट्रोल नुसतं जळण म्हणून लागत नाही, त्याच्यासोबत ऑइल येतं आणि त्याच्या बाष्पीभवनानं पिस्टन थंडही होतो. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि थंडावाही कमी, एकाच वेळी.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला जेटपेक्षा जास्त टोचली. गाडी जाम झाली ती चढताना नाही, ट्रॅकवर फुल्ल रेसला नाही, उतरताना.

माझी एक जुनी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात मी एक पेट्रोल-ऑइल मिसळून चालवायची गाडी घेऊन आंबा घाटानं रत्नागिरीला निघालो होतो. चढाची चिंता होती, उताराची नव्हती. घाट सुरू झाला, मी रेस पूर्ण सोडली, गिअर तिसरा ठेवला आणि इंजिनच्या ब्रेकवर मजेत उतरत राहिलो. हात हलका, पेट्रोल वाचतंय, असा हिशेब. साखरपा यायच्या आधी इंजिननं एकदा चिर्र केलं आणि चाक अडकलं. मिसळलेल्या ऑइलवर चालणाऱ्या गाडीत रेस बंद केली की पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. इंजिन मात्र उतारावर गाडीच्या ओढीनं पाच-सहा हजारांनी फिरतच असतं. बिनतेलाचं. त्या दिवशी एका आंब्याच्या झाडाखाली बसून मी बॅरल काढला, पॉलिश पेपरनं चरे घासले आणि चाळीसच्या स्पीडनं घरी आलो. त्यानंतर मी घाट उतरताना क्लचवर दोन बोटं कायम ठेवतो आणि दर थोड्या वेळानं क्लच दाबून एकदा रेस देतो, म्हणजे इंजिनला एक घोट ऑइल मिळतं. आजही, ऑइल पंप असलेल्या गाडीवरही, सवयीनं.

तुझ्या बाबतीत मला वाटतं दोन्ही गोष्टी एकावर एक आल्या. ट्रॅकवर लीन जेटनं पिस्टन तापवला, आणि उतारावर बंद रेसनं त्याला कोरडा ठेवला. माझा अंदाज बरोबर आहे का ते पिस्टन सांगेल. बॅरल उतरवलास की पिस्टन स्वच्छ न करता तसाच बघ. चरे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर ती उष्णतेची, लीनची खूण. चरे चारी बाजूंना चार ठिकाणी सारखे असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे पहाटे थंड इंजिनाला किक मारल्या मारल्या जोरात पिळलंस, पिस्टन आधी फुगला आणि बॅरल थंडच राहिला. आणि पिस्टनच्या माथ्यावर बारीक टोचे पडले असतील किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चांदीचे कण चिकटले असतील, तर ते पिस्टनचंच ॲल्युमिनियम आहे. डिटोनेशन झालंय, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी धडाक्यानं फुटलंय. मग नुसतं रिबोअर करून भागणार नाही, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंगही तपासून घे.

आता बोअरिंग होऊन इंजिन बांधलं की लगेच जेटकडं हात घालू नको. आधी तीन गोष्टी बघायच्या, कारण यातली एकही बिघडलेली असेल तर तुझा सगळा जेटचा हिशेब पाण्यात.

एक, हवा कुठून चोरून आत येते का. कार्बोरेटर आणि बॅरलमधलं रबर वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत तडकतंच. गाडी आयडलिंगला ठेव आणि त्या रबरावर थोडं कार्ब क्लीनर मार. आवाज बदलला की तिथून हवा शिरते. रेस सोडल्यावर आयडलिंग लगेच खाली न येता रेंगाळत असेल तर तीही तीच खूण. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं असेल तरी असंच होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही बाजूंची सीलं नवी टाक. त्या दोन सीलांच्या पैशात कुणी श्रीमंत होत नाही.

दोन, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि पेट्रोलचा कॉक. ते भोक मुरमाच्या धुळीनं बुजलं की टाकीत पोकळी होते आणि लांब फुल्ल रेसला पेट्रोल कमी पडतं. गाडी मरते, झाकण उघडलं की फुस्स करते आणि परत चालू होते. यालाही लोक "उंचीचा परिणाम" म्हणतात.

तीन, एअर फिल्टर. डर्टच्या गाडीला स्पंज असतो, तो धुऊन, वाळवून, ऑइल लावून बसवायचा. ओल्या मातीत फिरून स्पंज भरला की गाडी रिच होते, आणि कुणी वैतागून स्पंजच काढून टाकला की एकदम लीन. तसं कधी करू नको.

मग सेटिंग. रेसच्या मुठीवर पांढऱ्या टेपची पट्टी लाव, शेजारी न फिरणाऱ्या भागावर शून्य, पाव, अर्धी, पाऊण आणि फुल्ल अशा खुणा कर. गाडी कुठं अडते ते "वरच्या रेसला" असं मोघम सांगायचं नाही, पट्टी बघून सांगायचं. कारण कार्बोरेटरमध्ये प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा असतो. पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. त्याच्या जरा वर स्लाइडच्या खालच्या कापाचा हात असतो. पाव ते पाऊण सुईचं राज्य, आणि पाऊणच्या पुढं मेन जेट. पाव रेसला अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणं म्हणजे पोटदुखीला डोक्याची गोळी.

मेन जेट आधी लावून घे, मग सुई, मग पायलट. नवा प्लग लाव, गाडी नीट गरम कर, ट्रॅकवरच्या सरळ पट्ट्यात तिसऱ्या गिअरला पूर्ण रेसनं ओढ, आणि रेस न सोडता क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच बंद कर. गाडी तशीच थांबू दे. प्लग काढून चिनीमातीच्या अगदी मुळाशी बघ. तिथली कडी चॉकलेटी हवी. पांढरी राखेसारखी असेल तर लीन, काळी ओली असेल तर रिच. आजकालच्या पेट्रोलमध्ये रंग पूर्वीसारखे स्पष्ट येत नाहीत, त्यामुळं एका प्लगवर विश्वास ठेवायचा नाही, दोन-तीनदा बघायचं. आणि हे सगळं ट्रॅकवर, पन्हाळ्याच्या रस्त्यावर नाही. खरं तर ही गाडी तिथपर्यंत छोट्या हत्तीतूनच न्यायला हवी. तो एक्स्पान्शन पाइप वाजवत रस्त्यानं जाताना पोलिसांनी धरलं तर माझं नाव सांगू नको. आणि पन्हाळ्याच्या पुढं जाताय म्हणतोस, तर मसाई पठारावर गाड्या घालू नका. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि पावसाळ्यानंतर तिथं जे उगवतं ते एका नॉबी टायरनं कायमचं जातं. मित्राचं शेत आहे ना, तिथंच रहा.

रोजच्या थंडी-उन्हासाठी मेन जेट सारखा बदलत बसायची गरज नाही. सुईची क्लिप आणि एअर स्क्रू एवढ्यावर बरंच निभतं. सुईची क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. वर लावली की कमी. लोक हे नेहमी उलटं करतात. एअर स्क्रू तुझ्या कार्बोरेटरला एअर फिल्टरच्या बाजूला आहे. तो आत घेतला की हवा कमी, मिश्रण रिच. हिवाळ्यात पाव फेरा आत, उन्हाळ्यात पाव फेरा बाहेर. दीड फेऱ्यापासून सुरुवात कर. एक फेऱ्याच्या आतच बरं वाटत असेल तर पायलट जेट छोटा पडतोय, अडीचच्या पुढं बरं वाटत असेल तर मोठा. (ज्या गाड्यांत हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो तिथं सगळं उलटं होतं, कारण तो हवेचा नसून पेट्रोलचा असतो. मित्राच्या फोर-स्ट्रोकवर ही युक्ती करायला जाशील म्हणून सांगितलं.)

पेट्रोलबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण वडिलांनी जपून ठेवलेली जुन्या जेटांची चिठ्ठी घरात असेल, माझा अंदाज चुकायचा नाही. त्या चिठ्ठीवर जाऊ नको. ती शुद्ध पेट्रोलच्या काळातली आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण म्हणजे साडेतेराच्या आसपास. २०२३ पासून ते पंपावर यायला लागलं, आणि जुन्या जेटवर चालणारी गाडी त्यानं आपोआप सात-आठ टक्के लीन झाली. पन्हाळ्याच्या चढानं मिश्रणात जेवढा फरक पडतो (पाचाचे निम्मे, अडीच टक्के) त्याच्या तिप्पट! आणि ते इथेनॉल येतं कुठून, तर बऱ्यापैकी आपल्याच उसातून. शिवारातला ऊस कारखान्याला जातो आणि फिरून आपल्याच टाकीत येतो. तुझा १४० एप्रिलमध्ये याच पेट्रोलवर बसला होता, त्यामुळं या वेळचा गुन्हा इथेनॉलचा नाही. पण ते पाणी ओढतं, म्हणून गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या खालच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल सोडून दे.

ऑइलचंही तसंच. लिटरला २५ मिली म्हणजे चाळीसला एक, ठरवलंस तर तेवढंच ठेव. जाम झाली म्हणून घाबरून आता ५० मिली घालशील. मग प्रत्येक लिटरमध्ये पेट्रोल तेवढं कमी झालं आणि जेट न बदलता मिश्रण अजून लीन. ऑइल वाढवायचं तर जेटही वाढवावा लागतो.

पावसाळ्याचं एक सांगतो, कारण पुढच्या वर्षी जुलैत परत पत्र येईल. दमट हवा जड असते असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते आणि ती प्राणवायूची जागा खाते. पंचवीस डिग्रीला हवा पूर्ण ओलावली की साधारण तीन टक्के जागा वाफेची. त्यामुळं पावसाळ्यात गाडी थोडी रिच होते, जड वाटते, प्लग काळा पडतो. एवढ्यासाठी मेन जेटला हात लावायचा नाही, सुईची क्लिप एक खाच वर.

आता रत्नागिरी. इथं उंचीचा हिशेब खरंच कामाचा आहे, पण उलट्या दिशेनं. समुद्रावर दाब कोल्हापूरपेक्षा सहा-सात टक्के जास्त. फेब्रुवारीची दुपार तिथं एकतीस-बत्तीस डिग्रीची असते, म्हणजे तुझ्या एप्रिलच्या माळापेक्षा थंडच. दोन्ही मिळून हवा नऊ टक्के जड. त्याच्या निम्मे साडेचार, त्यातून समुद्राकाठच्या दमटपणाचं थोडं वजा. १४० वर चार टक्के म्हणजे १४५. तो बसवून जा, खिशात १५० आणि १४० ठेव. सकाळच्या फेरीला गारवा असला तर १५० नं सुरुवात कर आणि प्लग बघून खाली ये. नेहमी वरून खाली यायचं. रिच गाडी फक्त शर्यत हरवते.

दाब बघायला मोबाइलमधलं हवामानाचं ॲप उघडशील तर एक फसवणूक लक्षात ठेव. ते १०१२ वगैरे आकडा दाखवतं तो समुद्रसपाटीला बेतून काढलेला असतो. कोल्हापूर असो की पन्हाळा, तिथं आकडा जवळजवळ तोच दिसतो. कोल्हापूरचा खरा दाब साडेनऊशे मिलिबारच्या आसपास असतो आणि पन्हाळ्याचा नऊशेच्या. काही मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, तो दाखवणारं वेगळं ॲप घेतलंस तर खरा आकडा मिळतो.

जेट घेताना कंपनीचेच घे. तार घालून भोक मोठं करणं, ड्रिलनं १३० चा १४० करणं, हे बंद. आपल्या उद्यमनगरात लेथवर सांगशील ते होतं, पंपाचं इम्पेलर होतं, गिअर होतो, पण जेट करून घेऊ नको. त्याचं भोक नुसतं मापात असून चालत नाही, आतली धारही हवी. आणि एक दोनशे पानी वही ठेव. तारीख, वेळ, ठिकाण, तापमान, मेन, सुईची खाच, स्क्रूचे फेरे, प्लगचा रंग. दोन वर्षांनी ती वही मला आणून दे. माझ्या वहीत डर्टच्या आरएक्सची फार पानं नाहीत.

आणि मित्राला सांग, त्याचं म्हणणं ऐकायचंच असेल तर लेहला जा. तिथं साडेतीन हजार मीटरला दाब कोल्हापूरपेक्षा तीस टक्के कमी असतो, मग कुठं तुझा १४० चा ११५-१२० करावा लागेल. ताकद तरीही परत येणार नाही, जेटनं हवा आणता येत नाही. आणि तिथून खाली येताना, प्रत्येक हजार मीटरला, जेट परत मोठा करायला विसरलास तर परत तेच होईल जे वाघबिळाला झालं.

पिस्टन उतरवलास की तीन फोटो पाठव, एक एक्झॉस्टच्या बाजूचा, एक इनलेटच्या, एक माथ्याचा. रॉकेलनं धुवायच्या आधी काढ.